मामंजींचं मत

माझं माहेर नारायणगावचं आणि सासर तळेघरच्या अंगाला, डोंगरात. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामंजींना, दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. मत द्यायला सोबत लागायची. माझा धाकटा दीर एका उमेदवाराचा कट्टर कार्यकर्ता. दर वेळी तोच बापाला न्यायचा आणि बापाला न विचारताच शिक्का मारून मोकळा व्हायचा.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा दिल्लीतलं सरकार पडलं आणि पुन्हा निवडणूक लागली. "आत्ताच तर झाली की," मी वैतागून म्हटलं.

मामंजी म्हणाले, "अगं, सरकार काय आपण नेमतो व्हय? आपण फक्त आपला एक माणूस धाडतो. तिथं निम्म्याहून जास्त माणसं ज्याच्या मागं, त्याचं सरकार. ती सरकली की पडलं. मंग येत्यात परत आपल्या दारात. म्हून माणूस कोण धाडायचा, ते माझं मी ठरवणार. यंदा मी सूनबाईसंगं जातो."

दीर शेजारीच जेवत बसला होता. तो ताटावरून उठून गेला.

शाळेतल्या केंद्रावर साहेबांनी मला बजावलं, एका माणसाला एकाचीच सोबत करता येते, आणि मत कुणाला दिलं ते कुठं बोलायचं नाही. तसं लिहिलेल्या कागदावर मी सही केली. आडोशाला मामंजींनी माझ्या कानात सांगितलं. त्यांचा हात धरून मी शिक्का बरोब्बर तिथंच उमटवला. कुठं, ते तुम्हीही विचारू नका.

घरी आल्या आल्या दिरानं विचारलं. "तुमच्या आबांना विचारा," मी म्हटलं. आबा नुसते हसले. नवऱ्यानं लाडीगोडी लावून पाहिली. दिराचा उमेदवार पडला तेव्हा तर सगळं माझ्यावरच शेकलं. सासूबाई म्हणाल्या, पोरीनं घरात फूट पाडली. दिरानं माझ्याशी बोलणं टाकलं. मी नवी सून, माहेर लांब, लई रडू यायचं. एक नाव ओठांवर आणलं असतं तर सुटले असते. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडायचा माझा स्वभाव नाही. मामंजी गेले तेव्हाही ते नाव माझ्यापाशीच होतं.

पुढच्या निवडणुकीला मतदानाची मशीन आली. त्या दिवशी सकाळी आमच्या दारात कोण उभं, तर दिराच्या विरोधातल्या पार्टीचा म्होरक्या. आमच्या घराशी त्याचा उभा दावा. खाली मान घालून म्हणाला, "ताई, आमच्या म्हातारीला दिसत न्हाई. माझ्यासंगं यायला ती तयार न्हाई. म्हणती, त्या घरातली सून आण, ती कुणाला सांगत न्हाई."

मला काय वाटलं सांगू! माहेरी कौतुक पुष्कळ झालं होतं, पण हे निराळंच.

म्हातारीचा हात धरून मी भर गावातून निघाले. वाटेत दिराच्या पार्टीचं टेबल. भोवतीची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. दीर खुर्चीवरून उठला. मला वाटलं, आता चारचौघांत पाणउतारा करणार. मी म्हातारीचा हात घट्ट धरला.

त्यानं वाटेतलं बाकडं बाजूला ओढलं आणि म्हणाला, "वहिनी, म्हातारीला हळू न्या. शाळेची पायरी उंच हाय."