आबांचं गाणं, इराचं गाणं

कोल्हापूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आई डोळे पुसत होती आणि आबा, माझे वडील, खिडकीतून माझ्या हातात एक पेनड्राइव्ह कोंबत होते. त्यात एकच गाणं होतं. अमेरिकेतल्या एका गायिकेचं जुनं, संथ, सोल प्रकारातलं गाणं. तरुणपणी ऑर्केस्ट्रात आबा ते म्हणायचे आणि वन्समोअर घ्यायचे. "मूळचंच ऐकत जा. नकलेनं कान बिघडतात," एवढंच म्हणाले. परदेशी निघालेल्या मुलीला कुणी असा आशीर्वाद देतं का!

गेल्या वर्षी इकडे जर्मनीत एका पॉप ग्रुपनं तेच गाणं धडाधड ठेक्यावर केलं आणि ते तुफान चाललं. वोल्फ्सबुर्गच्या सुपरमार्केटात तेच, कंपनीच्या कँटीनमध्येही तेच. माझं डोकंच फिरायचं. अर्धं सामान टाकून मी बाहेर पडायचे. इकडे आलेल्यांना हे कळेल. तिकडे राहिलेल्यांनी खुशाल हसावं. चौदा वर्षांत तीन घरं झाली, तीनदा आनमेल्डुंग, म्हणजे नव्या पत्त्याची नोंदणी झाली, पण पाय कुठे ठरला नाही. एक गाणं तेवढं जागेवर होतं, त्यालाही यांनी हात लावला.

त्यात माझी नऊ वर्षांची लेक इरा गणपतीच्या कार्यक्रमात ते नवं गाणं म्हणणार होती. मी हट्टाला पेटले, म्हणायचं तर मूळचंच. "आई, इस्ट डोख एगाल," ती म्हणाली. काय फरक पडतो! महिनाभर मी तिच्याकडून घोटून घेतलं. स्टेजवर दुसऱ्या कडव्यात ती थांबली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली उतरली. विसरली नव्हती, तिला म्हणायचंच नव्हतं. पुढे चार दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

रविवारी आबांचा व्हिडिओ कॉल आला. एरवी इरा जर्मनमध्ये बोलते, आबा मराठीत, आणि मी मधली दुभाषी. मी कुकर बंद करायला गेले, तेवढ्यात इरा नवं गाणं लावून त्याच्याबरोबर म्हणायला लागली. आता आबा भडकणार म्हणून मी धावत आले, तर आबा मांडीवर ठेका धरून बसलेले.

"अगं, आम्हीसुद्धा ढोलकीवरच म्हणायचो की! संथ म्हटलं असतं तर पब्लिकनं खुर्च्या फेकल्या असत्या."

"मग मला मूळचंच ऐक असं का सांगितलंत?"

"तू लांब निघाली होतीस. काहीतरी सांगायला नको?"

मग त्यांनी इराला हातानं खूण केली, पुन्हा म्हण. त्यांचा ठेका जमला की ती "गेनाऊ, आबा!", म्हणजे अगदी बरोबर, असं ओरडायची, ते "वा, पोरी!" म्हणायचे. एकमेकांचे शब्द कळत होते की नाही देव जाणे, पण मला कुणी काही विचारलं नाही. आनंद झाला आणि, खरं सांगते, हेवाही वाटला. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं कोल्हापूर सांगत आले. त्या दिवशी ते घर माझ्यासमोर होतं, त्या दोघांच्या मध्ये, आणि मी दारात उभी होते.

शेवटी जाऊन बसले. इरानं सरकून जागा दिली. नवं गाणं मी कधी पुरतं ऐकलंच नव्हतं, त्यामुळे शब्द पाठ असूनही त्या ठेक्यावर मला एक ओळही म्हणता येत नव्हती.