आधी रुई उचल

“आधी रुई उचल! डाग पडला तर कोण घेईल ती?” मुनीम ओरडला.

माझ्या आईचा उजवा हात कापसाच्या रेच्यात अडकला होता. आणि मी रुई उचलली.

सांगताना आजही लाज वाटते, पण खरं तेच आहे. आई किंचाळत होती आणि मी ओंजळीनं पांढरी रुई बाजूला करत होते.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. वालूर गाव सोडून आम्ही मायलेकी सेलूच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, कामाला लागलो होतो. कापसातून सरकी काढणारे रेचे ओळीनं मांडलेले, सगळे एकाच इंजनावर. रेचा तुंबला की तो चालू असतानाच साफ करायचा. तोही बोटांनी. काडी घालायची बंदी. काडीनं रुळावरच्या चामड्याला चरे पडतात म्हणे. मेलेल्या जनावराचं चामडं जपायचं, जित्या बाईचं नाही.

त्याच सकाळी तहसीलदार साहेब जिन बघायला आले होते. त्यांच्या शेरवानीवर रुई उडू नये म्हणून इंजन बंद केलं होतं. साहेब चहा पिऊन जाईपर्यंत बंदच. आईसाठी मात्र फक्त तिच्या रेच्याचा पट्टा उतरवला. बाकीचे धडधडत राहिले.

हात निघाला तेव्हा तीन बोटं नव्हती. आई मुनीमाकडं बघून म्हणाली, “चुकलं मालक. रुई खराब झाली.”

बोटं गेली तिची, आणि माफीही तिनंच मागायची!

घरी तिला भाकर भरवली. लेकीच्या हातून घास घेताना ती लाजत होती.

तिसऱ्या दिवशी मुनीमानं मला आईच्याच रेच्यावर बसवलं. दुपारी तो तुंबला.

“बघत काय बसलीस? काढ बोटानं.”

मी हात मांडीवर ठेवले. “इंजन बंद करा. मग काढते.”

“तू काय तहसीलदार लागून गेलीस?”

“सायबाच्या कपड्यासाठी थांबलं. आमच्या हातासाठी बी थांबवा.”

त्यानं दंडाला धरून मला फाटकाबाहेर काढलं. बाया खाली मान घालून काम करत राहिल्या. त्यांना मी बोल लावत नाही. दोन दिवसांपूर्वी मीही तशीच होते.

“आता खायचं काय गं?” आई रडत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. आत जाणाऱ्या एकेकीला अडवून सांगितलं, “चालू रेच्यात हात घालू नगंस.” मुनीमानं हाकललं. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिले. तुंबलेला रेचा साफ करताना इंजन थांबवायचं कबूल केल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हते.