मिस्त्रींच्या वजनाची रेघ

मिस्त्रींनी होडीत पाऊल टाकलं की होडी मागे वाकून मुजरा करते, असं धक्क्यावरची माणसं म्हणत. एकशे पंधरा किलोचा देह, त्यावर तेलकट बनियन, आणि कानावर कायम सुताराची चपटी पेन्सिल. चाळीस वर्षं या माणसानं तळ्यावरच्या होड्यांची इंजिनं उघडली आणि मिटली. एखादं इंजिन खोकायला लागलं की मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे, जमलेल्यांना पुरेसं ताटकळत ठेवायचे आणि मगच सांगायचे, "दुसरा प्लग." त्या थांबण्याचा धक्क्यावर मोठा दरारा होता.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि मासेमारी एकट्या थोरलीच्या अंगावर आली. थोरली म्हणजे त्यांची मुलगी. वय तेहतीस, अंगानं काडी, जिभेनं कातर. नऊ वर्षांची असल्यापासून ती बापाबरोबर तळ्यावर जायची. मिस्त्री मागे इंजिनापाशी, आणि ती पुढे. "पुढे बस गं, नाहीतर होडीचं नाक आभाळाला लागेल," हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की नंतर नंतर न सांगताच ती पुढे जाऊन बसे.

ती एकटी जाणार म्हटल्यावर मिस्त्रींनी जोडीला एका छोट्या इंजिनाचा हट्ट धरला. इथला मासा मिळतो तो गळ मागे सोडून, माणूस रमतगमत चालतो तेवढ्याच वेगानं होडी हाकली तर. मोठं इंजिन तेवढं हळू चालतच नाही. जबरदस्ती केली तर धूर ओकतं. शिवाय आता ते म्हातारं झालं होतं. ते मध्येच बंद पडलं तर छोट्यानं पोरीला घरी आणावं, ही मिस्त्रींच्या मनातली खरी गोष्ट.

दुकानात दोन इंजिनं होती. इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा दांडा एकाचा आखूड, दुसऱ्याचा पाच इंच लांब.

"बाबा, लांब दांड्याचं घेऊ या," थोरली म्हणाली. "लाटेतसुद्धा पंखा पाण्यात राहील."

"आणि ते धूड उचलणार कोण? तू? फुंकर मारली तर उडशील."

"उडायला लागले तर त्यालाच धरून बसेन."

"आखूड बरोबर बसतं. मी बघितलंय. आता बापाला इंजिन शिकव."

दुकानदार हसला. थोरलीनं पैसे मोजले. घरात ती बापाला सोडत नसे, पण चारचौघांत त्याला खोटं पाडायचं नाही, एवढं तिनं पाळलं होतं.

इंजिन बसवताना मिस्त्रींनी कसलीच कसर ठेवली नाही. मागच्या फळीला आतून जाड फळकूट लावलं, आरपार चार बोल्ट घातले, भोकांत पाणी शिरू नये म्हणून मसाला भरला, इंजिन निसटलंच तर बुडू नये म्हणून साखळी अडकवली. पण त्याआधी होडी पाण्यात घेऊन ते स्वतः मागे बसले होते, थोरली सवयीनं पुढे गेली होती, आणि मागे वाकून त्यांनी पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची रेघ ओढली होती. त्या रेघेवरून इंजिनाची उंची ठरली. सुरू केल्यावर ते शिवणयंत्रासारखं चाललं. "ऐकलंस?" ते म्हणाले.

आज थोरली पहिल्यांदा एकटी गेली. दुपारी वारा उठला तेव्हा मिस्त्री बर्फवाल्याच्या होडीत बसून तिच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर साफ करत होते. ऊन लागलं म्हणून तो हातात घेऊनच ते धक्क्यावर आले.

"मिस्त्री उतरले," बर्फवाला म्हणाला, "होडीनं सुटकेचा श्वास टाकला बघा."

मिस्त्रींनी मागे पाहिलं. होडीची शेपूट वर आली होती. ओल्या फळीचा चार बोटं रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि त्यावरून पाणी निथळत होतं.

त्यांनी वळून तळ्याकडे पाहिलं.

"काय झालं?" बर्फवाल्यानं विचारलं.

"पोरीच्या होडीत मी नाहीये," मिस्त्री म्हणाले.

बर्फवाल्याला काही कळेना, तेव्हा त्यांनी समजावलं. ती रेघ त्यांच्या वजनाची होती. पोर एकटी असली की मागची बाजू वर येणार, आणि आखूड दांड्याचा पंखा प्रत्येक लाटेला हवेत फिरणार. मोठं इंजिन बसलं तर छोटं नुसता आवाज करणार.

"फोन लावा."

"तळ्याच्या वळणापलीकडे गेली असेल, तिथे लागत नाही. चल, तुझी होडी काढ."

होडीचा कार्ब्युरेटर त्यांच्याच हातात होता. ते घाईघाईनं तो जोडायला लागले. एक बारीक स्प्रिंग निसटली आणि फळ्यांच्या फटीतून पाण्यात गेली. बर्फवाला दुसरी होडी शोधायला धावला. मिस्त्री फटीकडे बघत राहिले. तळ्यावर पांढऱ्या लाटा उठल्या होत्या आणि वळणाजवळचे दगड कुठे आहेत, हे त्यांना न बघता माहीत होतं.

बर्फवाला होडीवाल्या माणसाला घेऊन परतला तेव्हा मिस्त्रींनी हात वर करून दोघांना थांबवलं. डोळे मिटले. लांबून बारीक आवाज येत होता. मध्येच चढायचा, पंख्यानं पाणी धरलं की पुन्हा उतरायचा.

थोरली धक्क्याला लागली तेव्हा नखशिखांत भिजलेली होती. तिच्यामागे पाण्यानं भरलेले दोन कॅन आणि माशांची मोठी पेटी होती. पेटीतही काठोकाठ पाणी.

"मोठं वळणापलीकडेच बसलं," ती म्हणाली. "छोटं नुसतं किंचाळायचं. मग म्हटलं, त्या दिवशी हे चाललं तेव्हा मागे कोण बसलं होतं?"

"मासे?"

"सोडले. पेटी रिकामी करावी लागली, तुम्हाला बसवायला."

बर्फवाला हसला. मिस्त्री हसले नाहीत. या वेळी ते थांबलेही नाहीत. "चूक माझी," दोघा माणसांदेखत ते म्हणाले. "ही लांब दांड्याचं सांगत होती. मी ऐकलं नाही."

थोरलीनं मान खाली घालून इंजिनाची साखळी सोडायला घेतली.

"राहू दे. ते पाणी ओत आणि मागे बस. एकटी." कानावरची पेन्सिल त्यांनी तिच्याकडे दिली. "मी बसलो तर रेघ पुन्हा माझीच येईल. इंजिन आता तुझ्या रेघेवर बसवायचं. तूच ओढ."

तिनं कॅन ओतले, पेटी उलटी केली. होडीची शेपूट हळूहळू वर आली. ती मागे वाकली.

"कुठे आली?"

"तुमच्या रेघेखाली चार बोटं."

"दगड किती लांब होते?"

ओल्या फळीवर पेन्सिल उमटत नव्हती. तळहातानं फळी निपटून थोरली पुन्हा वाकली.