दवाखान्याची लाँच

ऐंशीच्या दशकात मेरीलँडमधल्या एका ऑफिसात कॉफी पीत आम्ही दुसऱ्यांची सरकारं वाचवायचो. पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेट-सरकारची तिजोरी आटली होती आणि ती सावरण्याचा अहवाल माझ्याकडे होता. म्हणजे आकडेमोड माझी, सही साहेबांची. माझं ग्रीन कार्डही त्यांच्याच सहीवर अडलेलं.

कपातीच्या यादीत दवाखान्याची लाँच होती. तिच्यातून डॉक्टर आठवड्यातून एकदा पलीकडच्या लहान बेटावर जायचा. ती वाचवा म्हणून मी साहेबांना दोनदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ठीक आहे. मग तिथली शाळा बंद करू?" मी यादी उचलून जागेवर आलो. स्वतःचाच संताप आला.

बेटाचे वित्त सचिव बोलणी करायला आले होते. चाळिशीचे, हळू बोलणारे. त्यांची धाकटी बहीण त्या लहान बेटावर, दिवस गेलेली. आधीची दोन बाळं दगावलेली. "लाँच तेवढी ठेवा," एवढंच ते रोज म्हणत. शुक्रवारी साहेबांनी लाँचसकट यादीवर सही केली. सचिवांना सोमवारी कळवायचं ठरलं. मला राहवेना. आपणच नीट सांगावं म्हणून मी त्यांना रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावलं.

घरी सांगलीहून आलेली आई होती. तिला इंग्रजीचा गंध नाही. तिने आधीच बजावलं, "पानावरच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. जेवू दे आधी." भित्र्याला निमित्तच हवं असतं. मी पानं मांडायला घेतली. ते नको नको म्हणत असताना आईने तिसरी पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. ते खुलत गेले, लहान मुलासारखे हसायला लागले.

हात धुतल्यावर त्यांनी विचारलं, "घरी फोन करू का? तिकडे सोमवार उजाडला असेल." मी हो म्हटलं. ते आपल्या भाषेत भरभरून बोलले.

"बायकोला सांगितलं, लाँच राहिली," फोन ठेवून ते म्हणाले. "ती बहिणीला निरोप धाडेल."

"पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आमच्याकडे नाही म्हणायचं असलं तर घरी बोलावून जेवू घालत नाहीत."

मग मी सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोनकडे पाहिलं. "म्हणजे मला पुन्हा फोन करावा लागेल," ते म्हणाले.

आई सुपारीचं तबक घेऊन आली. "काय म्हणतायत रे?"

"जेवण आवडलं म्हणतायत," मी म्हटलं.