बुधवारची दाढ

गणपती उठले, मांडवाचे बांबू निघाले आणि गल्लीला बोलायला काही उरलं नाही, त्या सुमारास मुगभाटाच्या मागच्या गल्लीत एक बातमी निघाली. दातांचे डॉक्टर कमलाकांत धैर्यवान म्हणे दुपारी दवाखान्याचं दार आतून लावून घेतात आणि कोणा बाईशी गोड गोड बोलतात.

बातमी रमाबाईंची. रमाबाई समोरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहतात; त्यांचे कान मात्र दवाखान्यात मुक्कामाला असतात. "याल ना? मी वाट बघतो हं तुमची," हे त्यांनी स्वतः ऐकलं होतं. तेच वाक्य कधी लाडात, कधी रुसून, कधी अगदी पडेल आवाजात. "बिनलग्नाचा माणूस," त्या दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगत, "आडनाव धैर्यवान, पण धैर्य आलं ते सत्तरीला!"

खरं तर या माणसाइतका लाजरा प्राणी गिरगावात दुसरा नसेल. समोरच्याने तोंड उघडलं की डॉक्टरांना कंठ फुटायचा आणि समोरच्याने तोंड मिटलं की यांचाही आवाज बंद. उभा जन्म लोकांच्या जबड्यात डोकावण्यात गेला, त्यामुळे रस्त्यात कोणी भेटलं तर चेहरा ओळखीचा वाटत नसे. तोच माणूस हसला की डॉक्टरांना आपल्या गावी आल्यासारखं व्हायचं. 'अरे, हा तर वरचा सुळा!'

फोन करणं, दटावणं, ओढून आणणं ही खाती दुर्गाबाईंकडे. दुर्गाबाई म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस आणि गल्लीतली दहशत. "उद्या आला नाहीस तर पक्कड घेऊन तुझ्या घरी येईन, आणि दिसेल तो दात काढीन." लोक येत. पण पाडव्याला दुर्गाबाईंचे गुडघे बसले, त्या अँटॉप हिलला लेकीकडे गेल्या, आणि दवाखान्याचा कणा मोडला.

डॉक्टरांचा पुतण्या ध्रुव, तोही दातांचाच डॉक्टर. दादरला त्याचा चकचकीत दवाखाना. त्याने काकांच्या फोनमध्ये सोय करून दिली: आदल्या दिवशी प्रत्येकाला आपोआप निरोप जायचा, "उद्या दुपारी आपली वेळ आहे." उत्तरादाखल सगळ्यांकडून जोडलेले हात यायचे. गल्लीने एवढे नमस्कार डॉक्टरांना उभ्या आयुष्यात केले नव्हते. नमस्कार आले, माणसं आली नाहीत.

"काका, लोक वेळ घेतात आणि टांग मारतात," ध्रुव म्हणाला. "दिवाळीपर्यंत बघू. दुपारची खुर्ची अशीच रिकामी राहिली तर हे बंद करायचं, आणि तुम्ही माझ्याकडे बसायचं. एसी आहे, खाली उतरायला लिफ्ट आहे."

"बरं," डॉक्टर म्हणाले. बरं म्हणणं हा त्यांचा जुना रोग. पण त्या रात्री जेवण गेलं नाही. दादरला एसी होता, पण दुपार नव्हती.

आणि डॉक्टरांचा जीव होता तो दुपारवर. पेशंट न आल्यावर ते स्वतःच त्या मोठ्या खुर्चीत कलंडत. खिडकीच्या वरच्या तावदानाला हिरवी-लाल काच होती. दोन वाजता तिचा रंग छतावर चढायचा आणि पंख्याच्या वाऱ्याने जणू हलायचा. डोळा लागे न लागे तोच गल्लीतली तोंडं एकेक करून त्या उजेडात उघडत. दाढांच्या चाळी, सुळ्यांचे कोनाडे, मधेच एखादी रिकामी खोली, तिथून भरतीचं पाणी आत येतंय. डॉक्टर त्या पाण्यात पाय सोडून बसत आणि वाट बघत. कोणाची, ते झोपेत आठवत नसे.

गंमत म्हणजे श्रावणात खुर्ची भरली. सगळे आले, वेळेआधी आले. डॉक्टरांना वाटलं, देव पावला. गौरी-गणपती झाले आणि पुन्हा सगळा शुकशुकाट. त्याच दिवसांत दार आतून लागायला लागलं, आणि रमाबाईंना ते वाक्य ऐकू यायला लागलं.

एका बुधवारी डॉक्टरांनी देवाचं नाव घेतलं आणि लालबागच्या दौलत सावंतांना फोन लावला. दौलत जुने गिरणी कामगार. अक्कलदाढ किडलेली, तीनदा वेळ घेऊन तीनदा गायब. फोन उचलला गेला, आणि डॉक्टरांना आधी माणसाचा आवाज आलाच नाही. आला तो चर्रर्र असा लांबलचक आवाज, ओल्या वाळूवरून लाट मागे जावी तसा. मग थांबून पुन्हा चर्रर्र.

पाठ केलेलं वाक्य डॉक्टर साफ विसरले.

"सुरमई?" त्यांनी विचारलं.

"छ्या! बांगडो," दौलत म्हणाले. मग ओळख पटली. "कोण, डाक्टर? अहो, येणारच होतो आज, पण ते जरा..."

मागून बायकोचा आवाज आला, "खोटा कित्याक बोलतास? सांगा ना सरळ, बुधवार आसा म्हणान!"

"हो, बुधवार," दौलत ओशाळून म्हणाले. "तुम्हीच सांगा डाक्टर. सुई टोचल्यावर गाल मेलेला. दाढ काढल्यावर तुम्ही सांगणार, गरम नको, तिखट नको, काटे नको. तव्यावर बांगडा, आणि मी बशीत थंड दूध घेऊन बसू? माणूस आहे का कोण?"

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्याही डब्यात त्या दिवशी बोंबलाचं भुजणं होतं. ते जेवले, खुर्चीत कलंडले, आणि छतावरच्या हिरव्या उजेडात त्यांची कधीच वारलेली आई आली.

इथे आईचा नियम सांगायला हवा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या वारांना कोणाचं रक्त काढायचं नाही, अशी तिची शपथ. डॉक्टरांनी ती इमानाने पाळली. दाढा काढायच्या त्या बुधवारी, शुक्रवारी आणि रविवार सकाळी. आणि अख्खं गिरगाव ते परळ मासे खातं तेही नेमकं याच दिवशी. दुर्गाबाईंच्या धाकापुढे बांगडाही हरत असे. धाक गेला आणि, मासे बंद असलेला श्रावण सोडला तर, बांगडा जिंकला.

आई खुर्चीत ऐसपैस बसली होती, नऊवारीत, नाकात मोत्यांची नथ. तिने तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता, नुसता समुद्र.

"आई, देवाच्या वाराला काढू का गं दाढ?"

"मेल्या, सरंग्याच्या कालवणाच्या दिवशी मी तरी आले असते का तुझ्याकडे?" आई म्हणाली. "देवाचं मी बघते. तू माणसांना उपाशी ठेवू नकोस." आणि ओहोटीबरोबर निघून गेली.

डॉक्टर उठले आणि दारावरची पाटी उतरवली. दाढांचे दिवस आता सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार. बुधवार-शुक्रवार नुसती तपासणी, तीही जेवणाआधी. वाराला घरोघर नाहीतरी दहीभात, आणि दाढ काढलेल्याचं पथ्यही तेच! सोमवारी पहिले आले दौलत. "उपास आहे, कसली घाई नाही," म्हणत खुर्चीत चढले. जाताना गालावर हात धरून, अर्ध्या तोंडाने, बुधवारच्या कोलंबीचं आमंत्रण देऊन गेले.

धनत्रयोदशीच्या आदल्या गुरुवारी ध्रुव निकाल बघायला आला. बाकावर जागा नव्हती. तो दाराशीच उभा राहिला.

"काका, यांना काय जादू केलीत?"

"काही नाही रे. त्यांना जेवू दिलं."

ध्रुव हसला. "मग दादरचं राहू दे. माझ्याकडे बुधवारी कोणी का येत नाही ते आता कळलं."

त्या दिवशी खुर्चीत होत्या रमाबाई. दाढेने हैराण होऊन, आणि खरं तर ती बाई कोण ते एकदाचं बघायला आल्या होत्या. डॉक्टरांनी सुई टोचली, कापसाचा बोळा कोंबला, आणि गाल पुरता बधिर होण्याच्या मधल्या वेळात फोन उचलला. डोळे मिटून ते म्हणाले, "मीराबाई ना? शनिवारी याल ना? मी वाट बघतो हं तुमची."

खुर्चीत रमाबाई ताडकन उठून बसल्या. डोळे एवढाले झाले, बोट फोनकडे गेलं. पण तोंडात कापूस, गाल मेलेला, जीभ जागची हलेना. आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी तोंडात होती, आणि तोंडच नव्हतं.

दुपारी त्या खोलीत दुसरं कोणीच नसायचं. डॉक्टरांना पेशंटना फोन करायची भीती वाटत होती, म्हणून ते दार लावून रिकाम्या खुर्चीसमोर तालीम करत होते.