ठिपके पायांवर, दुखणं आत

पायांवर पहिल्यांदा ठिपके दिसले तेव्हा मी सातपाटीच्या शाळेत चौथीचा वर्ग घेत होते. घोट्यांच्या वर, डाळिंबाच्या दाण्यांएवढे, जांभळट. हाताला किंचित उंच लागायचे आणि दाबले तरी रंग जात नसे. नवऱ्याची मासेमारीची बोट. त्याने पाय बघितले आणि सांगून टाकलं, "खारं बाधलंय. मासळी बंद कर."

मी मासळी सोडली. कोळ्याच्या घरात ते सोपं नव्हतं. माझ्यासमोर तोही नुसत्या डाळभातावर उठायचा. ठिपके मात्र गुडघ्यांपर्यंत चढले. पालघरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. पायांतल्या लहान रक्तवाहिन्यांना सूज आली होती. व्हॅस्क्युलायटिस, ते म्हणाले. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ठिपके मावळले, पण डोस कमी केला की पुन्हा वर यायचे.

जास्त उभं राहायचं नाही म्हणून रजा टाकली. उशीवर पाय ठेवून खिडकीशी पडून असे. समोर बायका बांबूंवर बोंबील वाळत घालत, एकमेकींना हाका मारत. गोळ्यांनी माझा चेहरा इतका फुगला होता की कुणी दारात आलं की मी आतल्या खोलीत जाई. गोळ्या घेतल्या तर आरशात बघवत नसे, कमी केल्या तर पायांकडे. मला कुणी कोंडलं नव्हतं, तरी त्या घरातून बाहेर पडायला वाट दिसत नव्हती.

पुन्हा एकदा ठिपके वर आले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "वजन उतरलंय का?"

उतरलं होतं. चेहरा फुगलेला, आणि ब्लाउज मात्र खांद्यावरून घसरत होते.

"मोठ्या वयात हा आजार असा हटून बसला, आणि जंतुसंसर्ग किंवा एखादं औषध असं कारण सापडलं नाही, तर क्वचित त्यामागे कॅन्सर असतो. बहुतेकांच्यात काही निघत नाही. पण बघायला हवं."

"डाग पायाला हाय," नवरा म्हणाला, "मग कॅन्सर आत कसा?"

"आत गाठ असली की शरीराची संरक्षण यंत्रणा कधी कधी स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. नेमकं कसं, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

बोईसरला सोनोग्राफी केली. तपासणाऱ्या डॉक्टरबाई माझ्या शाळेबद्दल विचारत होत्या. यंत्र डाव्या कुशीवर आल्यावर त्यांनी प्रश्न अर्धाच सोडला आणि त्याच जागी ते फिरवत राहिल्या. उठून पळावंसं वाटत होतं. "श्वास रोखा," त्या म्हणाल्या. मी रोखला. सोडा म्हणायला त्या विसरल्या.

डाव्या मूत्रपिंडात गाठ होती. मुंबईला नेऊन ते मूत्रपिंड काढलं. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण बाहेर पसरली नव्हती. पुढे गोळ्या हळूहळू बंद झाल्या, आणि ठिपके परतले नाहीत.

"सुटलीस," नवरा म्हणाला. मी मान हलवली. पण दर काही महिन्यांनी तपासणी ठरलेली असते, आणि तारीख जवळ आली की माझं अंग मला परकं वाटू लागतं. वर्गात शिकवता शिकवता मध्येच शब्द सुटतो.

त्या दिवसांत नवरा बोटीवर जात नाही. ओट्यावर जाळं सांधत बसतो.

"जा की," मी म्हणते.

"वारा हाय," तो म्हणतो.

वारा नसतो.