तेरा तासांचं माहेर

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझी मुलगी मेलबर्नला असते. सातवा महिना सरत आला तेव्हा तिचा फोन आला. "आई, मी साताऱ्याला येते. विमानात तेरा तास बसलं की मुंबई."

"येऊ नकोस," मी म्हणाले. ती रडायला लागली.

धाकटी जाऊ शेजारी मेथी निवडत होती. "आवं जाऊबाई, लेकीला कुणी न्हाई म्हणतं व्हय? लय दगड तुमी."

ही मुलगी पोटात असताना मी कोयनानगरहून जीपने साताऱ्याच्या दवाखान्यात निघाले होते. वाटेत घाटातच कळा आल्या. ड्रायव्हरने जीप बाजूला घेतली, जवळच्या वस्तीतल्या दोन बायका धावत आल्या आणि हिचा जन्म झाला. नाहीतर दोघी वाचलो नसतो. समुद्रावर विमान कोण बाजूला घेणार?

मी तिला म्हणाले, "तू हलू नकोस. मीच तिकडे येते."

"आई, तू पुण्याच्या पुढे गेली नाहीस. तेरा तास बसवेल तुला?"

"न बसवायला काय झालं? मला काही कळा यायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी पासपोर्टसाठी फोटो काढून आले.